शेजारची खाट

नासर्डीकाठचा मळा, नाशिक
चैत्र वद्य सप्तमी, शके १८५७

प्रिय फकिरा,

रामराम. आपण व्याही झालो तेव्हापासून तुला 'अहो फकिराराव' लिहायला हवं, असं तुझी विहीण गोजरा मला प्रत्येक पत्राला बजावते. पण ज्याच्याबरोबर एका पाटीवर धुळाक्षरं गिरवली आणि एकाच मास्तरांच्या छड्या वाटून खाल्ल्या, त्याला अहो-जाहो करायला माझा हात वळत नाही. शिवाय आज मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि भांडणात 'अहो' आलं की ते बेचव होतं.

आधी अक्षर बघ. ओळखलंस ना? गेली दोन वर्षं तुला गेलेली पत्रं मी सांगत होतो आणि तुझा जावई गोरक्ष लिहीत होता. हे मी स्वतः लिहितो आहे. दोन-चार ओळी झाल्या की टाक खाली ठेवतो, डोळे मिटून घेतो, पुन्हा लिहितो. काल दुपारी बसलो होतो, आज संपवीन म्हणतो. माझ्या हातचं अक्षर तुझ्यापर्यंत पुन्हा पोचतंय ते कुणामुळे, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं भांडण त्यातच आलं.

तुझा निरोप गाडीवान बहिरूनं आणला. तुझ्या कांद्याची गाडी बाजारात रिकामी करून तो थेट आमच्या ओट्यावर आला, पाणीसुद्धा प्यायला नाही. खुरपणीच्या बाया अजून घरी गेल्या नव्हत्या, त्यांच्यासमोर हात मागं बांधून त्यानं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, "फकिराभाऊंनी सांगितलंय, आखाजीच्या सणाला लेकीला माहेरी धाडा. पन मग मागं येनार नाय ती. सासऱ्याम्होरं उघड्या डोक्यानं उभी ऱ्हाती, त्याच्या तोंडाला हात लावती, असल्या घरात आमची लेक नांदायची नाय." तुझी लेक नवसा दाराआड होती. तिनं सगळं ऐकलं. गोरक्ष बैल सोडत होता, तो तिथंच दावं हातात धरून उभा राहिला. त्या रात्री तो अर्ध्या भाकरीवर उठला. आपल्या पोराला मनातलं बोलता येत नाही, त्याचं सगळं पोटात असतं, हे तू जाणतोसच.

आता ऐक. आधीच्या खेपेला बहिरूनं आमच्या मळ्यात जे पाहिलं ते खरं आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. तुझी लेक भर दुपारी, उघड्या डोक्यानं, माझं तोंड दोन्ही हातांत धरून बसली होती. मी कुठलीच गोष्ट नाकारत नाही. फक्त बहिरू आला तो गोष्टीच्या शेवटाला आला, आणि तुला ती पहिल्यापासून ठाऊक हवी.

माझ्या डोळ्यांचं दुखणं गुलाबांपासून सुरू झालं. गुलाबाला डोळा भरणं हे माझं काम तुला माहीत आहे. रानगुलाबाच्या काडीवर चाकूनं चीर पाडायची, चांगल्या गुलाबाचा कोंब साल न दुखवता आत सरकवायचा आणि वर केळीच्या सोपटाची दोरी गुंडाळायची. चीर भाताच्या शितापेक्षा मोठी नाही. पापणी लवली की चाकू घसरतो, म्हणून मी पापणी लववतच नसे. साहेबांच्या बंगल्यांतून माळी मला बोलवायला यायचे ते याच हातासाठी, आणि मला त्याचा ताठा होता, तो अजून आहे. तर दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात डोळ्यांत कुणी राखुंडी टाकावी तसं खुपायला लागलं. सकाळी पापण्या चिकटलेल्या, बोटानं सोडवाव्या लागत. आणि वारं सुटलं की पाणी, नुसतं घळाघळा. गंगेवर, गोदेच्या घाटावर फुलं पोचवायला गेलो की ओळखीचे लोक थांबून हळूच विचारायचे, कोण गेलं म्हणून.

मग घरगुती उपाय झाले. गोजरानं एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं. गायीच्या दुधाच्या घड्या झाल्या. आणि तू, माझा बालमित्र, याच बहिरूच्या हाती मधात कालवलेला कांद्याचा रस पाठवलास. मी मित्राचं औषध म्हणून बिनदिक्कत घातला. त्यानंतर विहिरीभोवती मी ज्या फेऱ्या मारल्या आणि तुझं नाव ज्या शब्दांबरोबर घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी शफीभाईकडे गेलो, भद्रकालीत त्याचं अत्तराचं दुकान आहे, माझा गुलाब तोच गुलाबपाण्याला घेतो. म्हटलं, चांगला सुरमा दे. त्यानं मला उजेडात नेऊन दोन्ही डोळे पाहिले आणि डबी परत फळीवर ठेवली. म्हणाला, "सावळीरामभाऊ, सुरमा देईन, पण तुमच्या डोळ्यांत नाही घालू देणार. माझ्या दुकानाचं नाव जाईल." आणि दुकानाला कुलूप लावून मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. असा दुकानदार तुला विंचूरला मिळायचा नाही.

डॉक्टरांनी भिंगातून पुष्कळ वेळ पाहिलं. मग टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि मला गप्प बसवलं. खोलीची दारं बंद, वारा नाही. पट्टी काढली तर ती जेमतेम टोकाला ओली. म्हणाले, "तुमचे डोळे कोरडे पडले आहेत." गोजरा बरोबर होती. ती पदर खोचून म्हणाली, "घरात दोन उपरनी भिजत्यात रोजची, आन् डाक्टर म्हनत्यात कोरडं!" डॉक्टर हसले, पण त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यावर सदा एक पातळ ओल असावी लागते, ती माझी कमी झाली आहे. मग वारा, धूर लागला की डोळा घाबरतो आणि एकदम पाणी सोडतो, पण ते पाणी टिकत नाही, गालावरून निघून जातं. मला लगेच पटलं. तापलेल्या जमिनीवर वळवाची सर पडली की पाणी बांधावरून वाहून जातं आणि वाफा खाली कोरडाच राहतो, हे माळ्याला कुणी सांगायला नको.

त्यांनी निळ्या काचेची एक लहान बाटली दिली. आत शुद्ध केलेलं एरंडेल, आणि वर काचेची नळी, तिला रबराची टोपी. दिवसातून चार वेळा एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत. मी विचारलं, किती दिवसांत बरा होईन. तर म्हणाले, "हे बरं करायचं औषध नाही, वंगण आहे. मोटेच्या चाकाला घालता ना, तसं. घालत राहायचं. धुरात बसायचं नाही आणि काम करताना पापण्या मिटायच्या." मला हे औषध फार आवडलं, कारण त्यात खोटी आशा नव्हती.

पण फकिरा, थेंब घालायचा कुणी? मी स्वतः घालायला गेलो की नळी जवळ येताच मान आपोआप मागं जाई आणि थेंब गालावर. गोजराला जवळचं नीट दिसत नाही. तिनं एक थेंब कानात घातला आणि दुसरा भुवईवर. त्या आठवड्यात माझे कान फार तुकतुकीत होते. गोरक्षचा हात म्हणजे कोबीला पाणी सोडणारा हात, त्यानं सगळी नळी एकदम दाबली, आणि तो एरवी दिवसभर बाजारात. गोजराही फुलांची पाटी घेऊन सकाळपासून गंगेवर. घरात राहते कोण? नवसा.

आणि नवसा माझ्यासमोर येत नव्हती. हे मी तुला काय सांगू, तुझ्याही घरात तेच चालत आलं आहे. सून सासऱ्यासमोर तोंड उघडं टाकत नाही, थेट बोलत नाही. लग्नापासून मी तिला पावलांवरून आणि बांगड्यांच्या आवाजावरून ओळखत होतो. जेवण वाढून झालं की ती गोठ्याकडे तोंड करून गायीला सांगायची, "तांबडे, मामांना म्हनावं पान वाढलंय." आणि मीही तांबडीलाच म्हणायचो, "सांग तिला, येतो म्हणून." एकदा तांबडी चरायला गेली होती तर आमटी गार होऊन गेली.

पहिल्या दिवशी तिनं हनुवटीपर्यंत पदर ओढून थेंब घालायचा प्रयत्न केला. पदराआडून तिला दिसणार काय? थेंब माझ्या मिशीत पडला. दुसरा नाकावर. मला तिची दया आली. हे चालायचं नाही असं मी तांबडीला सांगितलं.

निकाल गोजरानं दिला. तुला वाटतं ना, माझ्या घरात रीत राहिली नाही. अरे, रीत मोडू नये म्हणून माझ्या बायकोनं केवढं डोकं चालवलं ते बघ. तिनं पडवीतली माझी खाट फिरवली. उशी स्वयंपाकघराच्या दाराकडे, पाय अंगणाकडे. म्हणजे मी आढ्याकडे बघत उताणा, आणि नवसा माझ्या डोक्यामागे, दारात उभी. ती वाकली की मला तिचा चेहरा दिसणार तो उलटा. गोजरा म्हणाली, "उलटं दिसलं म्हंजे तोंड दावलं असं कुठं होतंय? हनवटी वर आन् कपाळ खाली, असल्या मानसाला कोन ओळखनार हाय?" थेंबापुरता पदर मागं सारायचा, थेंब पडला की पुन्हा पुढं. सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं.

आणि मग नवसानं पहिल्यांदा थेट माझ्याशी शब्द काढला. खालची पापणी एका बोटानं हलकीच ओढून तिथं जी खोबणी होते तिच्यात तिनं थेंब सोडला, नळी कुठंही टेकली नाही, आणि म्हणाली, "मामा, डोळं मिटा. लगेच उघडायचं नाय." डोळ्यांवर कुणीतरी गार लोणी फिरवावं तसं वाटलं. कितीतरी महिन्यांनी खुपणं थांबलं होतं. मी तसाच पडून राहिलो. मला सून आहे, हे त्या दिवशी मला खरं समजलं.

थेंबानंतर थोडा वेळ डोळे मिटून पडावं लागतं. मिटल्या डोळ्यांच्या सासऱ्यासमोर पदर कसला आणि लाज कसली, असं बहुधा तिनं ठरवलं असावं, कारण ती बोलायला लागली. आधी एखादं वाक्य, मग थांबेचना. तिला झेंडूचा वास सहन होत नाही, हे मला तेव्हा समजलं. फुलमाळ्याच्या घरात नांदते, रोज झेंडूच्या पाट्या भरते, आणि कुणाला अवाक्षर बोलली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून झेंडू गोरक्षकडे आणि शेवंती तिच्याकडे, असं काम मी बदललं. तुझ्याबद्दलही बोलते. आबा असं करायचे, आबा तसं म्हणायचे. तू कोणकोणत्या गोष्टींना घाबरतोस ते आता मला सगळं ठाऊक आहे, तेव्हा माझ्याशी जपून वाग.

ती नुसते थेंब घालून थांबली नाही. नळी रोज उकळत्या पाण्यातून काढते, बाटली फडक्यात गुंडाळून कोनाड्यात सावलीला ठेवते. चुलीच्या धुरासमोर माझं पान असे, ते तिनं कुणाला न विचारता दारापाशी आणलं. आणि या माघात मी पुन्हा गुलाबांना डोळे भरायला बसलो, तेव्हा तिनं आणखी एक केलं. मी एकटक बघायला लागलो की मला पापण्यांचं भान राहत नाही, जन्माची खोड. तर ती शेवंतीच्या वाफ्यात खुरपता खुरपता हात जोरात झटकायची. बांगड्या वाजल्या की मी चाकू उचलायचा, पापण्या मिटायच्या, उघडायच्या, आणि मग पुढची चीर. सगळ्या माघभर आमचं असं चाललं होतं. त्यातला जवळजवळ प्रत्येक कोंब धरला. बंगल्यावरचा माळी रोपं न्यायला आला आणि म्हणाला, "सावळीरामबाबा, डोळे पहिल्यासारखे झाले म्हणायचे." मी म्हटलं, नाही झाले, माझी सून रोज त्यांच्याकडून काम करवून घेते. हे मी त्याला सांगितलं, शफीभाईला सांगितलं, गंगेवरच्या फुलवाल्यांना सांगितलं. लोक मुलाचं कौतुक सांगतात, मी सुनेचं सांगतो. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

आता बहिरूचा दिवस. पाडवा होऊन थोडे दिवस झाले होते. ऊन तापलं होतं. मी मळ्याच्या पलीकडच्या टोकाला गवत कापत होतो, दुपारचा थेंब घालून थोडाच वेळ झाला होता. एकाएकी वावटळ उठली. नांगरटीची सगळी माती उडाली आणि तेलानं ओल्या असलेल्या माझ्या डोळ्यांत बसली. फकिरा, मला डोळे उघडता येईनात. उघडायला गेलो की आत काच फिरावी तसं होई. मी हात पुढं करून घराच्या अंदाजानं चालायला लागलो. अंदाज चुकला होता. मी विहिरीकडे चाललो होतो. आमच्या त्या विहिरीला कठडा नाही, लहानपणी तू तिच्यात पडता पडता वाचला आहेस.

मला ऐकू आलं ते नवसाचं ओरडणं. घरात दबक्या आवाजात बोलणारी पोर सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं ओरडली, "मामा, हलू नका. पाऊल उचलायचं नाय, हाये तिथंच बसा." मी बसलो. गुडघ्यापाशी चाचपून पाहिलं तर हाताला मोटेचा दगड लागला. त्याच्या पुढं काही नव्हतं. ती घरापासून तांब्या आणि बाटली घेऊन धावत आली होती. तिनं मला धरून मागं ओढलं, वाऱ्याकडे पाठ करून बसवलं. वारा थांबत नव्हता, धुरळा उडतच होता. तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि माझ्या तोंडावर आणि स्वतःच्या हातांवर मिळून तंबूसारखा धरला, कडेचं टोक दातांत. त्या आडोशात तिनं उकळून गार केलेल्या पाण्यानं माझे डोळे धुतले, पुन्हा पुन्हा, माती निघेपर्यंत, आणि मग थेंब घातला. तोंड दोन्ही हातांत धरल्याशिवाय हे होत नाही. खुरपणाऱ्या बाया बघत होत्या. आणि त्याच वेळी तुझा बहिरू आम्हाला कांदे द्यायला बांधावरून आला.

त्यानं तुला सांगितलं की पदर डोक्यावर नव्हता. खरं आहे. तो माझ्या डोळ्यांवर होता.

एवढं त्याला दिसलं नाही, याचा मला राग नाही. वारा त्याच्याही डोळ्यांत जात असेल. राग मला तुझा आला. आयुष्यात पहिल्यांदा आला. आपण एका विटीनं खेळलो, तू मला विचारलं असतंस तर मी सगळं सांगितलं असतं. तू निरोप धाडलास. तो निरोप ऐकून संध्याकाळी माझी सून थेंब घालायला आली ती हनुवटीपर्यंत पदर ओढून, पहिल्या दिवसासारखी. थेंब मिशीत पडला. माझ्या डोळ्यांत जळत होतं आणि ते कोरडेपणानं नव्हतं.

तर माझं उत्तर असं. आखाजीला नवसा माहेरी येईल, कुठल्या लेकीनं आखाजीचा झोका चुकवावा? पण तिला न्यायला तू येऊ नकोस, मी स्वतः घेऊन येतो. नाशिकरोडला गाडीत बसून लासलगावला उतरू, तिथं बैलगाडी पाठव. दुपारी माझी थेंबांची वेळ असते. तुझ्या ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला, एक खाट टाकून ठेव. मी तिच्यावर उताणा निजेन, नवसा उशाशी उभी राहील, पदर मागं सारील आणि माझ्या डोळ्यांत थेंब घालील. तुझ्या भावकीला आधी सांगून ठेव, ज्याला बघायचं त्यानं जवळ येऊन बघावं. बहिरूला तर पुढं बसव. मग तिला परत पाठवायचं की नाही हे तू मला विचारू नकोस, गोरक्षला विचारू नकोस, तिला विचार. अशी लेक तू वाढवलीस आणि ती माझ्या घरात आली, याचा मला किती अभिमान आहे ते मला तुझ्या गावासमोर सांगायचं आहे. इथपर्यंतचं हे पत्र पारावर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घे.

याच्या पुढचं मात्र कुणाच्या हाती देऊ नकोस. स्वतः वाच. रात्री दिव्यापाशी वाचू नकोस, सकाळी उजेडात वाच, सावकाश.

शाळेच्या मागं आपण पैज लावायचो ते आठवतं? डोळ्याला डोळा लावून उभं राहायचं, ज्याची पापणी आधी लवेल तो हरला. दर वेळी तू जिंकायचास. मी तुझ्यावर चिडायचो. पुढं नवसाच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, तुझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि माझ्याकडची माणसं म्हणाली, बापाचं मन किती हळवं. तू केवढा रागावलास. म्हणालास, "रडतोय कोन? कांद्याच्या चाळीतनं उठून आलोय." आम्ही सगळे हसलो. तुझ्या कांद्यावर तेव्हापासून किती थट्टा केली मी.

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवसा आली. उशाशी उभी राहिली आणि तिनं पदर मागं सारला. थेंब घातले. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता ती आपलं गाऱ्हाणं सांगेल, बापावर रागावेल, नाहीतर मला मागं येऊ द्या म्हणेल. ती म्हणाली, "मामा, आबांचंबी हेच हाय. चाळीत कांदा नसला तरी पानी येतंय त्यांच्या डोळ्याला. सकाळी पापन्या बोटानं सोडवत्यात. मी ल्हानपनापासनं बघत आले, पन ते काय हाय ते तुमच्या डोळ्यात थेंब घालायला लागल्यावर कळलं. आई हुती तवा ती पानी तरी मारायची. आता त्यांना कोन घालनार?" फकिरा, तू तिचा संसार मोडायचा निरोप धाडलास, आणि त्या रात्री ती जागी राहिली ती तुझ्या डोळ्यांसाठी.

म्हणून हे पत्र. डॉक्टरांना मी विचारून आलो. ते म्हणाले, पाहिल्याशिवाय बाटली देणार नाही, माणसाला घेऊन या. तेव्हा आखाजी झाली की तू आमच्याबरोबर नाशिकला यायचं आहे. लेकीला सासरी पोचवायला बाप आला, असं लोक म्हणतील, म्हणू देत. आणि कांद्याचा रस बरोबर आणू नकोस. पडवीत माझ्या खाटेशेजारी गोजरानं दुसरी खाट आत्ताच टाकली आहे, उशी दाराकडे करून. दोघं शेजारी शेजारी उताणे निजू. नवसा मधे उभी राहील. थेंब पडायच्या आधी पाहू या, या खेपेला पापणी आधी कुणाची लवते.

तुझाच,
सावळीराम